मधुमेहातील डोळ्याची सूज एका औषधाने हटत नाही तेव्हा...

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टर्नर म्हणून काम करणारे एक गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. वय छप्पन्न, मधुमेह चौदा वर्षांचा. सोबत पत्नी आणि हातात रिपोर्टांची जाड पिशवी. खुर्चीत बसताच ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उजव्या डोळ्यात सहा सुया झाल्या. सूज काही हटत नाही. व्हर्नियरवरच्या रेषा मला दोन दोन दिसतात. रिटायरमेंटला चार वर्षं आहेत, धाकटीचं लग्न व्हायचंय. आता सरळ सांगा, हा डोळा जाणार का?"

या सहा सुयांपैकी चार मीच दिलेल्या होत्या. त्यामुळे हा प्रश्न मलाही होता. सूज हटत नसेल तर पुढे काय? तेच औषध चालू ठेवायचे, औषध बदलायचे, की दोन औषधे एकत्र द्यायची? आमच्याकडे येणाऱ्या मधुमेही रुग्णांपैकी बऱ्याच जणांना आज ना उद्या हा प्रश्न पडतो. म्हणून या आठवड्यात त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

सूज येते म्हणजे नेमके काय होते?

डोळ्याची तुलना आपण कॅमेऱ्याशी करतो. पुढे भिंग आणि मागे फिल्म. या फिल्मला दृष्टिपटल किंवा साध्या भाषेत पडदा म्हणतात. पडद्याच्या मधोमध एक छोटी जागा असते, तिला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, नोट शंभराची की पाचशेची ते पाहणे, ही सारी बारीक कामे या एवढ्याशा जागेवर चालतात. बाकीचा पडदा आजूबाजूचे दाखवतो, पण बारकावा दाखवत नाही.

आपल्या जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांना पुढची गोष्ट लगेच कळेल. बागेतील ठिबकच्या नळ्या जुन्या झाल्या की त्यांना बारीक भेगा पडतात. पाणी जिथे थेंब थेंब पडायचे तिथे चिखल होतो आणि नळीच्या शेवटच्या टोकाला असलेली झाडे कोरडी राहतात. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पडद्याच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे असेच होते. त्यांच्या भिंती कमकुवत होतात. काही ठिकाणी त्या झिरपू लागतात, काही ठिकाणी बंद पडतात. झिरपलेले पाणी पीतबिंदूत साचले की तो फुगतो. हीच मधुमेहातील पीतबिंदूची सूज. ती बाहेरून दिसत नाही, डोळा दुखत नाही, लाल होत नाही. फक्त अक्षरे पुसट होतात आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. चष्म्याचा नंबर बदलूनही उपयोग होत नाही, कारण दोष भिंगात नसून फिल्ममध्ये असतो.

ही सूज मोजण्यासाठी ओसीटी नावाची तपासणी करतात. प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचा उभा छेद दाखवणाऱ्या या तंत्राचे पहिले वर्णन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आता ती नाशिकसारख्या शहरात सहज होते. सुई लागत नाही, दुखत नाही, काही मिनिटांत होते. पडद्याची जाडी ती मायक्रॉनमध्ये सांगते. निरोगी डोळ्यात पीतबिंदूच्या मध्यावर ही जाडी साधारण अडीचशे मायक्रॉन असते. आमच्या टर्नर भाऊंना मायक्रॉन समजावून सांगावा लागला नाही. त्यांचे सारे आयुष्य त्यातच गेले होते. त्यांच्या उजव्या डोळ्यातील जाडी ४८० मायक्रॉन होती. आकडा पाहून ते म्हणाले, "म्हणजे जॉब रिजेक्टच की."

पहिले औषध : झिरप थांबवणारी सुई

१९८५ पासून या सुजेवर लेसर हाच प्रमुख उपचार होता. लेसरने झिरपणाऱ्या जागा भाजून बंद करायच्या. त्याने पुढील नुकसान पुष्कळ टळले, पण गेलेली दृष्टी परत येणे मात्र कमीच होते.

खरा बदल दुसऱ्याच दिशेने आला. अमेरिकेतील शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये असे मांडले की कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते, आणि ते रोखले तर गाठही रोखता येईल. पुढे १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी अशा रक्तवाहिन्या वाढवणारे एक प्रथिन वेगळे केले. त्याला व्हीईजीएफ म्हणतात. उपाशी पडलेला पडदा हेच प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतो. "मला रक्त पुरवा" अशी ती हाक असते. पण त्या हाकेने रक्तवाहिन्या आणखी सैल होतात आणि आणखी झिरपतात.

या प्रथिनाला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. २००५ पासून नेत्रतज्ज्ञांनी ते फार थोड्या मात्रेत डोळ्यात देण्यास सुरुवात केली. पुढे खास डोळ्यासाठी बनवलेली रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही औषधे आली. रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती अहमदाबादच्या इंटास कंपनीने २०१५ मध्ये आणली, त्यामुळे खर्चाचा भार काहीसा हलका झाला. बेव्हॅसिझुमॅब त्याहूनही स्वस्त पडते, कारण मोठ्या कुपीतून निर्जंतुक पद्धतीने अनेक छोटे डोस काढता येतात.

या तिन्हींची तुलना करणारा अमेरिकेतील ६६० रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीची दृष्टी फार खालावलेली नसेल तर तिन्ही औषधांचा गुण जवळपास सारखाच आला. दृष्टी जास्त खालावलेली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. यावरून स्वस्त औषध म्हणजे फसवणूक, असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये.

औषध कोणतेही असो, त्याचा परिणाम काही आठवडेच टिकतो. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला एक असे घ्यावे लागते आणि सूज ओसरल्यावर अंतर वाढवता येते. इथेच गोम आहे.

हट्टी सूज : खरी आणि खोटी

याच अभ्यासात सहा महिने नियमित सुया देऊनही कितीजणांची सूज राहिली, हे नंतर पाहिले गेले. अफ्लिबरसेप्ट घेतलेल्यांत सुमारे ३२ टक्के, रॅनिबिझुमॅबमध्ये सुमारे ४२ टक्के आणि बेव्हॅसिझुमॅबमध्ये सुमारे ६६ टक्के डोळ्यांत ती शिल्लक होती. म्हणजे सूज राहणे हा काही तुमच्या एकट्याच्या नशिबाचा खेळ नाही. आणि दिलासा असा की सूज राहिलेल्यांपैकी अनेकांची दृष्टीही पुढे उपचार चालू ठेवल्यावर सुधारली. सहा सुयांनंतरही थोडी सूज आहे म्हणजे औषध हरले, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

म्हणून दुसरे औषध जोडण्याआधी डॉक्टरांनी आणि रुग्णाने मिळून काही प्रश्न विचारायलाच हवेत. ते मी आमच्या टर्नर भाऊंना उशिराच विचारले, हे इथे कबूल करतो.

पहिला प्रश्न, सुया वेळेवर झाल्या का? पिशवीतील कागद तारखेप्रमाणे लावले तेव्हा दिसले की सहा सुया चौदा महिन्यांत पडल्या होत्या. मध्ये एकदा गावाकडे पेरणी, एकदा कंपनीत ओव्हरटाइम, एकदा पैशांची अडचण. सूज थोडी उतरायची आणि पुढची सुई येईपर्यंत पुन्हा चढायची. ही खरी हट्टी सूज नव्हे. भांड्याखालची आच दर वेळी मध्येच काढून घ्यायची आणि डाळ शिजत नाही म्हणायचे, तसा हा प्रकार.

दुसरा प्रश्न, रक्तदाब किती? त्या दिवशी तो १७० वर १०० भरला. रक्तदाबाच्या गोळ्या "बरे वाटते म्हणून" तीन महिन्यांपूर्वीच बंद झाल्या होत्या. नळी फुटलेली असताना पंपाचा जोर वाढवला तर काय होणार? इंग्लंडमधील यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्येच दाखवून दिले की मधुमेही रुग्णाचा रक्तदाब काटेकोर ठेवला तर डोळे आणि मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी होतात. साखर काटेकोर ठेवल्याने ते २५ टक्क्यांनी कमी झाले.

तिसरा प्रश्न, कोणत्या गोळ्या चालू आहेत? हा मी आधी विचारायला हवा होता. त्यांच्या पत्नीने पदराच्या गाठीतून गोळ्यांची पाकिटे काढून टेबलावर ठेवली. त्यात मधुमेहाची पायोग्लिटाझोन ही गोळी होती. औषध चांगले आहे, साखर उतरवते, अनेकांना मानवते. पण ते शरीरात पाणी धरून ठेवते. काही रुग्णांत पायांना सूज येते आणि पीतबिंदूची सूजही वाढू शकते. भाऊंच्या घोट्यांवर बोट दाबले तर खळगा पडत होता. इथे वाचकांना एक इशारा देतो. हे वाचून कुणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. पाकीट घेऊन आपल्या फिजिशियनकडे जावे आणि डोळ्याची सूज असल्याचे त्यांना सांगावे. निर्णय त्यांचा.

चौथा प्रश्न, मूत्रपिंड आणि हिमोग्लोबिन कसे आहे? लघवीतून प्रथिने जात असतील, रक्त कमी असेल, तर डोळ्यातील पाणी उपसूनही पुन्हा भरते. झोपेत जोरात घोरणे आणि श्वास अडकणे हेही कारण असू शकते.

पाचवा प्रश्न डॉक्टरांसाठी आहे. ओसीटीमध्ये पडद्याला वरून ओढणारा पापुद्रा दिसतो का? तसे असेल तर औषधाने भागत नाही, शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. आणि पीतबिंदूच्या रक्तवाहिन्याच बंद पडल्या असतील तर सूज उतरूनही दृष्टी फारशी येत नाही. हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

दुसरे औषध : स्टेरॉइड

हे सर्व तपासून, दुरुस्त करून, वेळेवर सुया देऊनही सूज राहिली, तर तिला खरी हट्टी सूज म्हणावे. अशा डोळ्यात व्हीईजीएफ हे एकटेच गुन्हेगार नसते. दीर्घकाळच्या मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला पांढऱ्या पेशी चिकटतात, दाह निर्माण करणारी इतर रसायने जमतात आणि तीही झिरप वाढवतात. एकाच दाराला कुलूप लावले आणि चोर खिडकीतून आला, अशी ही स्थिती असते.

स्टेरॉइड हे औषध दाहाच्या अनेक रसायनांना एकदम आवरते, व्हीईजीएफही काही प्रमाणात कमी करते. म्हणून दोन्ही औषधे एकत्र द्यावीत ही कल्पना पुढे आली. डोळ्यात द्यायची स्टेरॉइडे मुख्यतः दोन आहेत. एक ट्रायमसिनोलोन, ते पांढऱ्या गढूळ द्रवाच्या रूपात डोळ्यात सोडतात आणि ते स्वस्त आहे. दुसरे डेक्सामेथासोनची कांडी. ही साधारण सहा मिलिमीटर लांबीची, तांदळाच्या दाण्याहून बारीक कांडी खास सुईने डोळ्यात ठेवतात. ती हळूहळू विरघळते, काढावी लागत नाही, आणि तिचा परिणाम साधारण तीन ते चार महिने राहतो.

एकत्र उपचाराने काय साधते?

या प्रश्नाचे चोख उत्तर देणारा एक अभ्यास अमेरिकेतील ४० केंद्रांत झाला आणि २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. ज्यांची सूज आधीच्या सुयांनी हटली नव्हती अशा रुग्णांना प्रथम रॅनिबिझुमॅबच्या आणखी तीन मासिक सुया दिल्या. त्यानंतरही सूज उरलेले १२९ डोळे निवडले. निम्म्यांना रॅनिबिझुमॅब आणि डेक्सामेथासोनची कांडी असे दोन्ही दिले, निम्म्यांना रॅनिबिझुमॅब आणि कांडीचा नुसता देखावा. सहा महिन्यांनी निकाल पाहिला.

पडद्याची जाडी दोन्ही औषधे घेतलेल्यांत सरासरी ११० मायक्रॉनने उतरली, एकच औषध घेतलेल्यांत ६२ मायक्रॉनने. म्हणजे सूज उतरवण्यात जोडउपचार निर्विवाद सरस. पण दृष्टी? तक्त्यावरची अक्षरे एका गटात सरासरी २.७ ने वाढली, दुसऱ्यात ३.० ने. म्हणजे फरक जवळजवळ शून्य! आणि डोळ्याचा दाब वाढण्याचा त्रास जोडउपचाराच्या गटात २९ टक्के डोळ्यांना झाला, दुसऱ्या गटात एकालाही नाही.

स्कॅनवर सूज उतरली आणि अक्षरे मात्र वाढली नाहीत, असे का? ओल उतरलेल्या भिंतीचे उदाहरण घ्या. पाणी सुकते, पण आतला गिलावा ढिसूळ झाला असेल तर तो सुकल्याने घट्ट होत नाही. सूज जितकी जुनी, तितक्या पडद्याच्या पेशी जास्त झिजलेल्या. म्हणूनच पहिल्या वर्षातील वेळेवरचे उपचार हे नंतरच्या कोणत्याही भारी औषधापेक्षा मोलाचे असतात.

मग जोडउपचार निरुपयोगी समजावा का? तसेही नाही. सरासरीमागे वेगवेगळी माणसे असतात. पुढील रुग्णांमध्ये स्टेरॉइडचा विचार आम्ही करतो : ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झालेली आहे, ज्यांना दर महिन्याला येणे खरोखरच शक्य नाही, आणि ज्यांना नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आल्यामुळे व्हीईजीएफ अडवणारे औषध काही काळ टाळावेसे वाटते. २०१० मधील एका मोठ्या अभ्यासात मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांमध्ये ट्रायमसिनोलोन आणि लेसर यांचा गुण रॅनिबिझुमॅबच्या जवळपास आला होता. मोतीबिंदू न काढलेल्यांमध्ये मात्र तो टिकला नाही.

स्टेरॉइडची किंमत

इथे किंमत म्हणजे केवळ पैसे नव्हेत. डोळ्यातील स्टेरॉइडचे दोन दुष्परिणाम रुग्णाने समजून घेऊनच सही करावी.

एक, मोतीबिंदू. डेक्सामेथासोनच्या कांडीचा तीन वर्षांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःचे भिंग शाबूत असलेल्या डोळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश डोळ्यांत मोतीबिंदूची तक्रार निर्माण झाली किंवा वाढली. त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे, पण ती करावी लागते.

दोन, डोळ्याचा दाब. नेहमीचा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. स्टेरॉइडनंतर तो साधारण दीड-दोन महिन्यांनी सर्वात जास्त चढतो. बहुतेकांचा दाब थेंबांनी आवरतो. पण रुग्ण तपासणीलाच आला नाही, तर तो न कळत काचबिंदूत जाऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून मी रुग्णांना सांगतो, कांडी ठेवून घ्यायची असेल तर दोन महिन्यांनी दाब मोजायला येण्याचे वचन द्या, नाहीतर कांडीचा विषय काढू नका. ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांनी तर ते सुरुवातीलाच सांगावे.

इतर जोड्या

औषध जोडण्याऐवजी बदलणे हाही एक मार्ग आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला सुरुवातीपासून महागडे अफ्लिबरसेप्ट दिले. दुसऱ्याला आधी स्वस्त बेव्हॅसिझुमॅब देऊन, गुण न आल्यास अफ्लिबरसेप्टवर नेले. दुसऱ्या गटातील सुमारे ७० टक्के डोळ्यांना औषध बदलावे लागले, पण दोन वर्षांअखेर दोन्ही गटांची दृष्टी सारखीच सुधारलेली होती. हातावर पोट असणाऱ्या माणसाला याचा अर्थ मोठा आहे. आधी परवडणारे औषध वेळेवर घेणे, आणि गरज पडली तरच महागाकडे वळणे, यात डोळ्याचे नुकसान नाही.

फॅरिसिमॅब या नव्या औषधात दोन कामे एकाच रेणूत आहेत. ते व्हीईजीएफ तर अडवतेच, शिवाय रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनालाही अडवते. अमेरिकेत ते जानेवारी २०२२ मध्ये मंजूर झाले. त्याच्या अभ्यासांत वर्षाअखेर निम्म्याहून अधिक रुग्णांना दोन सुयांमध्ये चार महिन्यांचे अंतर ठेवता आले.

लेसर अजून निवृत्त झालेला नाही. मध्यबिंदूपासून दूर झिरपणाऱ्या ठळक जागा असतील तर सुयांच्या जोडीला तो उपयोगी पडतो. रक्तातील चरबीवरची फेनोफायब्रेट ही जुनी गोळी सुरुवातीच्या टप्प्यातील पडद्याचा विकार पुढे सरकण्याचे प्रमाण कमी करते. स्कॉटलंडमधील २०२४ च्या अभ्यासात हे प्रमाण २७ टक्क्यांनी घटले. पण ही गोळी आलेल्या सुजेवरचा उपाय नव्हे, आणि मूत्रपिंड तपासल्याशिवाय ती घेऊ नये.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

डोळ्यात सुई म्हणजे भयंकर दुखत असेल? नाही. आधी थेंबांनी डोळा बधिर करतात. औषध असते ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. सुई बुबुळात नव्हे, पांढऱ्या भागातून देतात. क्षणभर दाब जाणवतो. दुसऱ्या दिवशी डोळा थोडा लाल दिसला तर घाबरू नये. मात्र दुखणे वाढत गेले, दिसणे कमी झाले, उजेड सहन होईना, तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठावे. जंतुसंसर्ग हजारो सुयांत एखाद्याला होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकले तर चालेल? मुळीच नाही. पुढून टाकलेल्या साध्या थेंबांनी पडद्याची जुनी सूज उतरत नाही, दाब मात्र चढू शकतो.

एका डोळ्याने बरे दिसते, मग घाई कशाला? दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला झाकतो. म्हणून घरच्या घरी एक तपासणी करावी. भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर नेहमीचा चष्मा लावून उभे राहावे. एक डोळा तळहाताने झाकावा आणि तारखांचे चौकोन पाहावेत. मग दुसरा डोळा. रेषा वाकलेल्या, चौकोन लहानमोठे किंवा एखादी तारीख पुसलेली दिसली, तर त्याच आठवड्यात पडदा तपासून घ्यावा. महिन्याचे पान उलटताना ही सवय लावून घेतली तर विसर पडत नाही.

खर्चाचे काय? सातपुरातच कामगार विमा रुग्णालय आहे. कार्ड असलेल्या कामगारांनी डोळ्याच्या पडद्याच्या उपचाराची तिथे आधी चौकशी करावी. कार्ड नसलेल्यांनी जिल्हा शासकीय रुग्णालयात विचारावे. पैशांसाठी सुया चुकवण्याऐवजी डॉक्टरांना अडचण स्पष्ट सांगावी. औषध बदलता येते, वेळ मात्र परत आणता येत नाही.

भाऊंचे पुढे काय झाले?

त्यांच्या फिजिशियनने गोळी बदलली, रक्तदाब महिनाभरात १३० च्या आसपास आणला. पुढच्या तीन सुया तारखेला झाल्या. त्यांच्या पत्नीने तारखा कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून ठेवल्या होत्या. जाडी ४८० वरून ४०० वर आली, मग थांबली. त्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वीच झालेली होती, काचबिंदू नव्हता. दोन्ही बाजू समजावून सांगून आम्ही स्टेरॉइडची कांडी जोडली. दोन महिन्यांनी जाडी २९० झाली. दाब २७ वर गेला होता, तो थेंबांनी १७ वर आला. दृष्टी ६/२४ होती, ती ६/१८ झाली. तक्त्यावर एक ओळ वाढली, एवढेच.

स्कॅन दाखवला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मायक्रॉन तर टॉलरन्समध्ये आले, पण रेषा अजून पुसटच आहेत." मी म्हणालो, "भाऊ, वर्षभरापूर्वी तुमच्या गोळ्या मी विचारल्या असत्या आणि तुम्ही सुया चुकवल्या नसत्या, तर कदाचित आणखी दोन ओळी हाती लागल्या असत्या." ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "मग डाव्या डोळ्याचं आत्ताच सांगा. तो तरी वेळेत धरू."

डाव्या डोळ्यात सूज नुकती सुरू झाली होती. तिथे पहिल्या दिवसापासून एकही तारीख चुकली नाही. तो डोळा आज ६/९ पाहतो, दुसऱ्या औषधाची गरज पडलेली नाही. मशिनवरचे बारीक काम त्यांनी सोडले. कंपनीने त्यांना नव्या मुलांना शिकवण्याचे काम दिले आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आदित्य ज्योत संस्थेने केलेल्या पाहणीत दर शंभर मधुमेहींपैकी सुमारे पंधरांच्या पडद्यावर विकार आढळला होता. त्यातील अनेकांना डोळ्याची काहीच तक्रार नसते. म्हणून मधुमेह कळला त्याच वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा आणि नंतर वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या महिन्यात म्हणा हवे तर, पुन्हा तपासावा. आणि पडद्याच्या डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टांबरोबर घरातील गोळ्यांची सारी पाकिटेही पिशवीत टाकावीत. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ती त्यांच्या टेबलावर ठेवावीत.